मागे तोंड करून सिंगापूर

देवळाली प्रवरा,
१४ जानेवारी २०२६

प्रार्थना,

तुम्हा ख्रिस्ती लोकांकडे पत्राच्या वर 'सलाम' लिहितात, आमच्याकडे 'नमस्कार'. दोन्ही घे. त्यावरून आपल्या दोन घरांत एकदा जेवढं वाजलं तेवढं पुरे.

इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची पद्धत आहे. इकडे कुशल नाही. आज संक्रांत आहे आणि सकाळपासून जो तो हातावर तिळगूळ ठेवून गोड बोल म्हणतोय. मी आज कुणाशीच बोललो नाही, म्हणजे कडू बोलायचा प्रश्न आला नाही. उद्या लिहिलं असतं तर बरं झालं असतं, पण तुझ्या मैत्रिणीची, राजेश्वरीची, सुट्टी संपली. ती शुक्रवारी पहाटे सिंगापूरला निघते आणि तिची बॅग उद्याच बंद होणार. तू मला सगळीकडून ब्लॉक केलंस. कागद ब्लॉक करता येत नाही. फाडता येतो, तो तुझा प्रश्न.

तुझ्या मरिया आत्याने पिशवीत शेंगदाण्याची चटणी, खारोड्या आणि शेवग्याच्या शेंगा दिल्यात. शेंगा विमानात चालतात का हे राजेश्वरीला माहीत नाही. आत्या म्हणते, "चालंना का न्हाई, घेऊन जाय म्हनावं."

तुझा मेसेज मी पाठ केलाय. 'पप्पांना इकडे आणू नकोस. त्यांना झेपणार नाही. तो बोर्ड आधी काढ. मला परत मेसेज करू नकोस.' त्याचं उत्तर या पत्रात आहे, पण शेवटी आहे. आधीचं वाचावं लागेल. दोन महिने मी जे केलं ते तू दोन ओळींत उडवलंस, तर तुला एवढी पानं वाचायला काय होतंय?

आधी बोर्डाचं सांगतो, म्हणजे फ्लेक्सचं. तो मी काढला. तू सांगितलंस म्हणून नाही काढला.

इथे सोसायटीच्या निवडणुकीत पडलेला माणूससुद्धा बोर्ड लावतो. शेजारच्या गल्लीतला एक जण बँकॉकला जाऊन आला, कशाला गेला ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी त्याचा 'अभ्यास दौरा' म्हणून चौकात पंधरा दिवस बोर्ड होता. मग तीस वर्षं एसटी चालवून एकदाही गाडी कुठे न घासलेल्या माणसाचा का नको? मी फ्लेक्सच्या दुकानात कामाला आहे, रोज दुसऱ्यांचे वाढदिवस छापतो. एक दिवस आपल्या माणसाचा छापला. स्टँडसमोर, दहा बाय वीस. 'निवृत्त चालक मा. इसहाकराव दिवे यांच्या सिंगापूर दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा.' खाकी ड्रेस, छातीला बिल्ला, डोळ्याला गॉगल. मागे विमान. आणि खाली त्यांची चाकांची खुर्ची, पूर्ण. चाकांना मी कॉम्प्युटरवर चमक दिली होती.

पप्पांनी स्वतः बोर्डापुढे गाडी लावायला सांगितली. खुर्चीला ते गाडीच म्हणतात. बराच वेळ बघून म्हणाले, "अंगद्या, माझ्यापरीस तुझंच थोबाड मोठं हाय."

खालच्या कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून मी होतो. कानाला मोबाईल लावलेला. आता वाटतं, तो फोटो नको होता. बाकी बोर्ड चांगलाच होता.

त्याचा फोटो गावच्या ग्रुपवर गेला, तिथून तुझ्याकडे आला, आणि तू बापाला पहिल्यांदा खुर्चीत बघितलंस. खरं की नाही? व्हिडिओ कॉलला आत्या त्यांना कॉटवर बसवते. उजव्या बाजूला उशी लावते, ती दिसू नये म्हणून वरून शाल टाकते. मी मोबाईल धरतो आणि छातीच्या वरचंच दाखवतो. पप्पांचीच ऑर्डर आहे. "चाकं दिसू द्यायची न्हाईत. पोरगी परमुलखात हाय." अर्धांगाचा झटका आला तेव्हा तू म्हणालीस काँट्रॅक्ट आहे, सुट्टी नाही. नंतर म्हणालीस नाताळला येते. दोन नाताळ झाले. तेव्हा तूच मला फोन करून म्हणाली होतीस, "अंगद, जरा जाऊन बघ ना पप्पांना." जरा! मी अजून जाऊन बघतोय.

मी इंजिनिअरिंग तुझ्यामुळे सोडलं असं माझा बाप ऊसतोडीच्या टोळीलासुद्धा सांगतो. तू जाताना म्हणाली होतीस, आधी कॉलेज पुरं कर, मग बघू. मी तिसऱ्या वर्षाला सोडलं. तुझ्यामुळे नाही, डोकं फिरलं म्हणून. ते कुणामुळे फिरलं हे विचारू नकोस.

सहलीचं खूळ माझं. तुला सरप्राईज द्यायचं होतं. पप्पांना मी म्हणालो, "काका, सिंगापूर बघायचं का?"

"तिथं काय हाय?"

मी बागा, कारंजी, सिंहाचा पुतळा, सगळं मोबाईलवर दाखवलं. ते जांभया देत होते. मग एक व्हिडिओ आपोआप पुढे सरकला. त्यात एका स्टॉपवर बस थांबली. ड्रायव्हर आपली सीट सोडून खाली उतरला, मधल्या दाराशी गेला, खालची फळी उघडून रस्त्याला टेकवली, आणि खुर्चीतल्या एका म्हाताऱ्याला आत घेतलं. फळी परत मिटली, जाऊन सीटवर बसला. मागून कुणी हॉर्न वाजवला नाही.

पप्पांनी तो व्हिडिओ परत लावायला सांगितला. परत. आणि परत.

"डायवर सोता उतरला?"

"हो."

"कंडक्टर न्हाई?"

"तिथं कंडक्टर नसतोच."

"आन टायमाचं काय? कंट्रोलर बोंबलत न्हाई?"

मला काय माहीत! ते म्हणाले, "मला बागा-बिगा नको दाखवू. मला ती बस दाखव."

त्या दिवसापासून दुसरं काही नाही. स्टँडवर नेलं की जुन्या ड्रायव्हरांना तेच सांगायचे. एकाने चेष्टा केली, "इसहाकभाऊ, फळी टाकायला पार शिंगापूरला? आपल्या डेपोत काय कमी फळ्या हायेत?" पप्पा म्हणाले, "फळ्या लई हायेत रं. उतरनारा दाव."

नगरला एका ट्रॅव्हल्समध्ये गेलो. नाव लिहीत नाही, नाहीतर परत डोकं फिरेल. काचेचं ऑफिस, पायरीवर पायरी. पप्पांना मी आणि रिक्षावाल्याने उचलून आत नेलं. तो टायवाला त्यांच्याशी बोलतच नव्हता. माझ्याशीच.

"पेशंटला फिरता येतं का?"

मी म्हणालो, "पेशंट नाही. पॅसेंजर आहे."

"नाही, ग्रुपला त्रास होतो ना. बाकीचे लोक पैसे भरून येतात. ते बसमध्येच बसून राहतील ना सगळीकडे?"

तेव्हा पप्पा पहिल्यांदा बोलले. "साहेब, तीस वर्षं बसमधीच बसून व्हतो. आता जरा उतरावं म्हनतो."

टायवाला हसला. म्हणाला, "काकांना हॉटेलात टीव्ही लावून देऊ." माझं टाळकं सरकलं. त्याच्या टेबलावर स्टँडवर बसवलेलं प्लास्टिकचं विमान होतं, ते उचललं आणि पप्पांच्या मांडीवर ठेवून त्यांना घेऊन बाहेर पडलो. तो मागून ओरडत होता. घरी आल्यावर पप्पांनी विमान परत करायला लावलं. "चोरीच्या इमानात मी बसायचो न्हाई." दुसऱ्या दिवशी मला परत नगरला जावं लागलं, ते विमान पिशवीत घालून. टायवाल्याने चहा विचारला. मी घेतला नाही.

मग सगळं मीच काढलं. विमानतळावर खुर्ची ढकलायला माणूस मिळतो, विमानात सगळ्यात आधी घेतात, आपली खुर्ची खाली सामानात जाते आणि उतरल्यावर दाराशी आणून देतात. हॉटेलवाल्यांना मी इंग्रजीतून विचारलं, बाथरूमचं दार केवढं आहे, आत उंबरा आहे का, धरायला दांडा आहे का. चौघांनी उत्तर दिलं नाही. पाचव्या हॉटेलातल्या बाईने फोटो काढून पाठवले, टेप लावून! दुकानातला टेप आणून मी खुर्ची मोजली. जाते. दोन्ही बाजूंना चार बोटं उरतात. त्यांना संडासला मी नेतो, आंघोळ मी घालतो. असलं पत्रात लिहीत नाहीत, पण तू नर्स आहेस. आणि तू लिहिलंस 'झेपणार नाही'. कुणाला? त्यांना? मला? नीट सांग ना कुणाला.

आम्ही प्रॅक्टिस केली. आठवडे बाजारात गर्दीतून खुर्ची काढायची, मेथीच्या जुड्यांवरून चाक जाऊ द्यायचं नाही. पप्पा पुढे बसून सूचना देणार, "आधी हार्न दे. मग बिरेक सोड. घाई करनारा डायवर आन लगीन घाईनं करनारा, दोघं बी नंतर रडत्यात." कालव्याच्या कडेने लांब न्यायचो, बुडाला किती वेळ सोसतं ते बघायला. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला. "कशाला चालले बाहेर?" मी म्हणालो, फिरायला. तो खुर्चीकडे बघून म्हणाला, "ह्यांना?" मी काही बोलायच्या आधी आत्या आतून म्हणाली, "मग काय तुला नेऊ व्हय?" पोलीस सही करून चहा पिऊन गेला.

चर्चला तर तुला माहीत आहे, पायऱ्या. दर रविवारी चौघे जण त्यांना खुर्चीसकट उचलून आत न्यायचे. नाताळला पप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "चौघांनी उचलून न्यायची येळ आलीच की येनार हाय. आत्तापून सराव कशाला?" पाळकसाहेबांना हसावं की रडावं कळेना. पुढच्या रविवारी मी दुकानातून फ्लेक्सच्या लोखंडी चौकटी नेल्या, वर प्लायवूड ठोकलं आणि पायऱ्यांवर उतार केला. थोडा हलतो. पण चौघे लागत नाहीत.

हे सगळं मी का करत होतो, असं तू विचारशील. विचार. राजेश्वरीनेही विचारलं.

तिला भेटायला मी राहुरीला गेलो होतो, तुझा मेसेज आल्याच्या दुसऱ्या दिवशी. तुझ्या हॉस्पिटलपासून आमचं हॉटेल किती लांब, हे विचारायचं होतं. म्हणजे तू नको म्हणालीस तरी मी विचारायला गेलो होतो. ती म्हणाली, "अंगद, तू हे कुणासाठी करतोयस?" मी म्हणालो, काकांसाठी. तिने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "तुला माहीत नाही का?"

मला चहा गरम लागला, एवढंच आठवतं. बाकी ती काय बोलली ते मी इथे लिहिणार नाही असं ठरवलं होतं. चार पानं झाली, नाही लिहिलं. आता लिहितो. तुझं ठरलंय. मे महिन्यात. तिथलाच आहे, तुझ्याच हॉस्पिटलात. त्याचं नाव मला कळलंय आणि ते माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. लग्न तिथेच, साधं, आणि इकडच्यांनी ऑनलाइन बघायचं.

येताना मी स्टँडसमोर थांबलो आणि बोर्ड काढला. काढला म्हणजे फाडला. वरून खाली, पप्पांच्या गॉगलवरून, चाकांवरून, माझ्या मोबाईलवरून. रिक्षावाले बघत होते. एक जण म्हणाला, "काय रे, दौरा कॅन्सल?" मी त्याच्या अंगावर धावून गेलो. त्याची काही चूक नव्हती.

नंतर मी पप्पांकडे गेलोच नाही. आठवडा झाला. आत्याचा फोन उचलला नाही. मला एकच दिसत होतं, की पोरीचं ठरलंय आणि बापाला पत्ता नाही. आणि हे मी कसं सांगू? मी गेलो की ते तोंडाकडे बघणार आणि ओळखणार. त्यापेक्षा नको जायला. मी ठरवलं, तिकिटं रद्द. तुझ्या मनासारखं होऊ दे. सिंगापूर तुला, आम्हाला देवळाली.

तू राहा सुखात असं लिहायला पाहिजे. मला ते येत नाही. मला राग आहे. तू माझी नव्हतीस, तू तसं कधी म्हणालीही नव्हतीस, 'मग बघू' म्हणाली होतीस, आणि त्या दोन शब्दांवर मी तीन वर्षं काढली. आता रागवायला मला हक्क नाही हे कळतं. त्याचा अजून राग येतो.

परवा दुपारी मी दुकानात कुणाच्या तरी आईच्या वर्षश्राद्धाचा बोर्ड मशीनवर लावत होतो. बाहेर हॉर्नवर हॉर्न. मला वाटलं ट्रॅक्टर बंद पडला असेल, हंगाम आहे, कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. शटरच्या बाहेर येऊन बघतो तर रस्त्याच्या मधोमध पप्पांची खुर्ची, ती ढकलत मरिया आत्या, पदर खोचलेला, घामाघूम. मागे उसाने भरलेल्या तीन जोड ट्रॉल्या. आणि पप्पा डावा हात बाहेर काढून मागच्यांना सांगतायत, थांबा, थांबा.

प्रार्थना, आत्याला गुडघे आहेत का? ती बाजारातून अर्धा किलो बटाटे आणत नाही.

मी पळत जाऊन खुर्ची आत घेतली. आत्या दुकानाच्या पायरीवर बसली आणि तिने मला जे काय सुनावलं ते लिहीत नाही. थोडक्यात, माझ्या सात पिढ्यांत माणूस जन्मला नाही.

पप्पा म्हणाले, "येत का न्हाईस?"

"काम आहे."

"कुनाचं?" त्यांनी बोर्डाकडे पाहिलं. "हिच्या वर्षश्राद्धाचं. ती थांबल की रं. तिला कुठं जायचंय?"

ते म्हणाले, "राजेश्वरीनं सांगितलं ना तुला?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. "काका, तुम्हाला..."

"नाताळाच्या आधीपून ठावं हाय. पोरीनं मलाच पयलं सांगितलं. रडत व्हती फोनवर. म्हनली, पप्पा, अंगदला एवढ्यात नका सांगू."

म्हणजे बाजारातली प्रॅक्टिस, चर्चचा उतार, बोर्ड, सगळं चाललं तेव्हा त्यांना माहीत होतं! तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडलो. खरंच ओरडलो त्यांच्यावर, रस्त्यावरचे लोक थांबले. "मग सांगितलं का नाही मला? येडा करत होता का?"

ते म्हणाले, "सांगितलं असतं तर गाडी कुनी ढकलली असती?"

असं सरळ. डोळ्याला डोळा लावून.

ते सावकाश बोलतात हल्ली, जीभ जड आहे, वाट बघावी लागते. "तू यायचा बंद व्हशील म्हून बोललो न्हाई. आन तसंच झालं. आठ दिस मी खिडकीत. हिच्या हातानं मुतायला लाजतो मी. भैन हाय ती." आत्याने तोंड फिरवलं. "आन तू तरी मला कुठं खरं सांगितलंस? मला शिंगापूर दावायला निघालास व्हय रं? मला म्होरं घालून तू कुनाच्या दारात चाललास ते मला कळत न्हाई? डायवर व्हतो मी. मागल्या शिटावर काय चाललंय ते आरशात दिसतं."

"मग तुम्ही हो का म्हणालात?"

"मला ती बस बघायची व्हती. तू माझ्या तिकिटावर बसलास, मी तुझ्या."

दुकानात शाईचा वास, मागे मशीन चालू, त्यावरून कुणाची तरी आई हळूहळू छापून बाहेर येत होती. आधी केस, मग कपाळ, मग कुंकू. मी ते बघत राहिलो. मी म्हणालो, "तिकिटं रद्द करणार आहे."

"तुझं कर. माझं नको करू. हिला शिकवतो मी ढकलायला."

आत्या म्हणाली, "मी बाई इमानात बसायची न्हाई. इथवर आले हेच लई झालं."

मी विचारलं, "तुम्हाला तिचा राग नाही येत? ऑनलाइन बघा म्हणाली ती."

त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाले, "येतो की. लेकीचं लगीन मोबाईलात बघायचं, ते बी चार्जिंग टिकलं तर. येतो राग." आणि मग, "ती दिसभर तिथं माझ्यासारक्या म्हाताऱ्यांना उठवती, बसवती, पुसती. त्यातला एक तिचा बाप हाय असं तिला रोज दिसत आसंल. म्हून येत न्हाई ती. तिला झेपत न्हाई, अंगद्या. मला झेपतं."

तुझा शब्द त्यांनी उचलला. मी त्यांना तुझा मेसेज दाखवला नव्हता. तूच त्यांनाही तसंच म्हणाली असशील, किंवा त्यांना आपोआप कळलं असेल. ड्रायव्हर आहेत.

मी शटर ओढलं. त्यांना घरी न्यायला निघालो, आत्याला रिक्षात बसवलं. मागे परत ट्रॉल्या. ड्रायव्हर पोरगा वरून ओरडला, "ओ, साईड द्या की!" पप्पा म्हणाले, "देऊ नको. लायनीत ये म्हनावं." कालव्यापर्यंत आम्ही सगळ्या कारखान्याचा ऊस अडवून ठेवला. खुर्चीच्या मुठी मी इतक्या आवळल्या होत्या की घरी गेल्यावर बोटं उघडेनात. पण खरं सांगू? आठ दिवसांत पहिल्यांदा मला कुठे जायचं ते माहीत होतं.

दारात थांबवून त्यांनी मला कायदे सांगितले. तुझ्या दारात जायचं नाही. हॉस्पिटलात जायचं नाही. त्याला भेटायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही. "मी बघायला चाललोय, मागायला न्हाई. तू बी काय मागायचं न्हाई. कबूल आसंल तर गाडी डेपोतनं काढ, न्हाईतर राह्यलं." मी म्हणालो, कबूल. ते म्हणाले, "मोठ्यानं." मी मोठ्याने म्हणालो. शेजारीण बाहेर आली.

तर हे उत्तर. आम्ही येतोय. तू नको म्हणालीस तरी. तुझ्यासाठी येत नाही. तिकिटं त्यांच्या पेन्शनीच्या साठ्यातली आहेत, तू पाठवलेलं आत्याने तुझ्याच नावाने वेगळं ठेवलंय. फेब्रुवारीत येतोय, तारीख राजेश्वरीला दिली आहे.

आणि आता शेवटचं, जे त्यांनी मला लिहायला सांगितलेलं नाही. त्यांनी एक बस शोधून काढली आहे. मोबाईलवर नकाशा मोठा करून करून, डाव्या हाताच्या अंगठ्याने. बागेकडे जाणारी नाही, सिंहाकडे जाणारी नाही. तुझ्या हॉस्पिटलसमोरच्या स्टॉपवरून जाणारी. मला म्हणाले, "ह्या बसची फळी चांगली आसंल." सकाळची, तुझी नाईट सुटते त्या वेळची गाडी आम्ही धरणार आहोत. दिवस आणि बसचा नंबर राजेश्वरीकडे आहे. आम्ही उतरणार नाही. हे त्यांच्या कायद्यात बसतं, मी विचारून घेतलंय.

पण एक अडचण आहे. तिथल्या बसमध्ये खुर्चीची जागा उलटी असते. पाठ ड्रायव्हरकडे, तोंड मागे. हे त्यांना सांगितलं तेव्हा मला वाटलं, वाईट वाटेल. ते म्हणाले, "बरंय की. तीस वर्षं म्होरंच बघितलं. आता मागं काय राह्यलं ते बघत जाऊ."

याचा अर्थ तुला कळतोय का? तुझा स्टॉप येताना त्यांना दिसणार नाही. पुढे गेल्यावर दिसेल. तू तिथे उभी असशील तर ती बस सुटल्यावर, लहान लहान होत जाताना दिसशील. आणि उभी नसशील तर रिकामा स्टॉप लहान होत जाताना दिसेल, आणि ते म्हणतील, फळी चांगली होती.

मी त्यांच्या शेजारी दांडा धरून उभा असेन. माझं तोंड पुढे असेल. तू मला आधी दिसशील. मी त्यांना सांगणार नाही, ओरडणार नाही, बेल मारणार नाही. कबूल केलंय. थांबवायची तर तुलाच थांबवावी लागेल.

तिथेही हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही, असं राजेश्वरी म्हणाली.

राग अजून गेलेला नाही. गेला की कळवणार नाही.

तुझ्या पप्पांच्या गाडीमागे उभा असलेला,
अंगद

ता. क. मला अनब्लॉक करू नकोस. हात दाखव.